काहिलीत मीठ कोणी टाकलं?

जाणसी तू सारे अंतरीचे माझे।
तरी कां रे ओझे बोलू सांग॥

सलाम मंडळी! बसा, ऐसपैस बसा. मागच्या भिंतीला टेकलेली माणसं जरा पुढं सरका. तिथं बसलं की डुलकी लागते, आणि डुलकीतला माणूस 'आमेन' भलत्या ठिकाणी म्हणतो!

तर अभंगात काय विचारलं? देवा, माझ्या आतलं सगळं तुला ठाऊक आहे. मग मी ते तोंडानं कशाला सांगू? बघा हं, सवाल मोठा अडचणीचा आहे! आपण म्हणतो, पाप कबूल करा. कुणापुढं? देवापुढं. अहो, पण देवाला ते आधीच माहीत! तुम्ही करत होता तेव्हा तो बघतच होता की! मग ही कबुली आहे तरी कुणाच्या उपयोगाची?

तबलजी, वर बघू नका, उत्तर छताला लिहिलेलं नाही. ते एका काहिलीत आहे. आमटीच्या काहिलीत! ऐका.

बोरटाकळी नावाचं गाव. नकाशात शोधू नका, नकाशा काढणारा तिथं जेवायला बसला आणि काढायचं राहून गेलं! तिथं आपली ख्रिस्ती मंडळी. सुगी घरात आली की उपकारस्तुतीचा सण. घरोघरची डाळ, घरोघरची बाजरी देवळापुढं यायची, आणि साऱ्या मंडळीची मिळून एकच आमटी एकाच काहिलीत शिजायची.

काहील केवढी? एकदा म्हणे तिच्यात एक गाभण शेळी पडली. पोहत पोहत पलीकडच्या काठाला लागली तेव्हा करडं मागोमाग चालत होती! हसता काय? मी करडं पाहिली आहेत!

या काहिलीवर राज्य कुणाचं? रिबकाआत्याचं. रिबकाबाई उजागरे. नवरा देवाघरी, मूलबाळ नाही, चार शेळ्या आणि एक चूल. पण सणाच्या दिवशी हातभर दांड्याचं वगराळं घेऊन ती चुलाणापाशी उभी राहिली की पाळकसाहेबसुद्धा विचारून पुढं यायचे. "आत्या, येऊ का?" वर्षभर कुणी विचारीना, त्या दिवशी सारा गाव विचारी. म्हातारी त्या एका दिवसावर उरलेलं वर्ष काढायची.

आता या गावाची एक रीत होती. ती नीट ध्यानात घ्या, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. आशीर्वादाची प्रार्थना झाल्याशिवाय आमटीचा थेंब जिभेला लावायचा नाही. कुणीच नाही. रांधणारीनंसुद्धा नाही! पहिली चव देवाची. आत्या वासावर आणि उकळीवर रांधायची, आणि कधी चुकली नव्हती.

तर त्या साली काय झालं? डाळ शिजली, वाटण पडलं, फोडणी बसली. अशी बसली की सडकेवरून जाणारी एस.टी. शिंकली आणि शिंकेसरशी पुढच्या थांब्यावर गेली! सगळं झालं. पण आत्यानं मिठाला हात लावला नाही!

चुलाणाशेजारी खड्याच्या मिठाचं पोतं उघडं ठेवलेलं. आत्या लाकडं सारतेय, ढवळतेय, घाम पुसतेय. मिठाकडं बघत नाही. मंडळीचे पंच शांतवनराव अमोलिक लांबून बघतायत. भला माणूस, देवळाचा आधार, चालणंसुद्धा खांबासारखं! त्यांच्या मनात आलं, 'म्हातारी मीठ विसरली.'

आता चाखून बघावं? रीत आड येते. विचारावं? "आत्या, मीठ घातलंस का गं?" छे! चारचौघांत म्हातारीचा अपमान! मग काय करावं? आत्या फुंकणी घेऊन चुलाणापाशी वाकली, तेवढ्यात शांतवनरावांनी सहज फिरायला आल्यासारखं केलं, पोत्यात हात घातला, आणि मूठभर मीठ काहिलीत — डुबुक्!

किती प्रेमानं टाकलं, बघा! म्हातारीची अब्रू राखली!

पंगत बसली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. यंदा व्यासपीठावरून नाही, मुद्दाम काहिलीला खेटून उभं राहून केली. का? थांबा, एवढी काय घाई! आमेन झालं. वगराळं फिरलं. शांतवनरावांनी पहिला भुरका मारला...

मंडळी! माणसाचं तोंड इतकं बारीक होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं! मिटलेल्या डोळ्यांतून पाणी! एका कावळ्यानं पत्रावळीत चोच बुडवली, तो जो उडाला तो थेट कोकणात समुद्रावर. म्हणतात तिथल्या कावळ्यांना तो सांगत होता, "तुमचं पाणी बरंच गोड आहे रे!"

सगळ्यांच्या नजरा आत्याकडं. आत्यानं चव घेतली. शांतवनरावांची बायको सलोमीबाई हळूच म्हणाली, "वय झालं हो आत्याचं." कुणीतरी म्हणालं, "यंदा सांभाळून घ्या. पुढच्या सालापासून बघू दुसरं कुणी."

आणि शांतवनराव? त्यांच्या घशाशी आलं, 'मी टाकलं.' पण वाटलं, सगळ्यांपुढं? पंचानं? आणि एवढ्याशा मुठीनं का एवढी खारट होते? त्यांनी तो शब्द आमटीबरोबर गिळला. दोन्ही सारखीच खारट!

आत्यानं वगराळं पुसलं, काहिलीच्या काठावर आडवं ठेवलं. म्हणाली, "माझीच चूक हाय बाबांनो. हात राहिला न्हाई माझा." आणि घरी गेली. न जेवता.

आता गंमत संपली हं मंडळी. पुढं ऐका.

आत्यानं घरचीसुद्धा चूल पेटवायचं सोडलं. शेजारीण गेली तर म्हणते, "नको बाई, मला आता माझा भरोसा न्हाई. आज मीठ चुकलं, उद्या इस्तू पदराला लागंल." मिठाची बरणी तिनं शेजारणीला देऊन टाकली. शेळ्या कुणी विकत घेतं का म्हणून विचारू लागली. म्हणे, बांधायची विसरले तर? बघा, आमटी एका दुपारची, पण म्हातारीचा स्वतःवरचा विश्वास गेला. आपलं डोकं चालत नाही, असं तिनं मनाशी ठरवलं. आणि ज्याला खरं ठाऊक, तो गप्प!

गप्प म्हणजे, देवापुढं गप्प नव्हता बरं का! शांतवनराव गुडघ्यावर. "प्रभू, मी मीठ टाकलं, क्षमा कर." उठले. बरं वाटेना. पुन्हा गुडघ्यावर. गुडघे घासून धोतराला ठिगळं लागायची वेळ! सलोमीबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, काय चाललंय? जीव कशात अडकलाय?"

त्यांनी सांगितलं. बाई भाकरीकडंच बघत राहिली. तव्यावर भाकरी करपली तरी बघतेय! मग म्हणाली,

"हे देवाला कशाला सांगताय? आमटी काय देवानं केली होती?"

अहाहा! मंडळी, मी एवढी वर्षं कीर्तनं करतो, पण माझा सवाल त्या बाईनं तव्यापाशी सोडवला! पण ही बाई नवऱ्याला सांगताना स्वतः एवढी गोरीमोरी का झाली होती? ते तुम्ही मनात ठेवा.

रविवार आला. प्रभुभोजनाचा. आत्या आली नाही, तिची जागा रिकामी. भाकरीचं ताट फिरवायचा मान शांतवनरावांचा. ताट हातात घेतलं, पहिल्या रांगेपाशी आले, आणि थबकले. ती रिकामी जागा पहिल्याच रांगेत! प्रभूनं सांगून ठेवलंय ना, वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर. किती वेळा ऐकलं होतं! पण 'जा' म्हणजे उठून, पायानं, खरंच जा, हे त्या दिवशी उमगलं.

ताट टेबलावर ठेवलं. "पाळकसाहेब, माफी असावी. मी आलो." आणि चालू लागले! भर प्रभुभोजनातून! अनवाणी!

आता मला सांगा, तुम्ही बसून राहिला असता? बोरटाकळीची मंडळीही तुमच्यासारखीच! काय झालं, कुठं निघाला, म्हणून सगळी मागं. पेटीवाला निघाला, पाठोपाठ झगा सावरत पाळकसाहेब! देवळात उरली फक्त भाकर आणि द्राक्षारस, आणि मंडळी रस्त्यावर!

आत्या दारात शेळीला पाला टाकत होती. एवढा गाव बघून दचकली. "काय रं? कोण गेलं?"

"सलाम, आत्या. कोणी गेलं नाही. आमटीत मीठ मी टाकलं होतं. मूठभर. तू विसरलीस असं वाटलं. आणि बोल तुला लागला तेव्हा मी गप्प बसलो. मला क्षमा कर."

आता तुम्हाला वाटेल, म्हातारी विरघळली, दोघं रडली, आख्यान संपलं, चला जेवायला! छट्! आत्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि कीव केली. म्हणाली,

"शांतवना, तू लई गुणाचा. माझी समजूत घालाया आलास. आरं, एवढ्या मोठ्या काहिलीला एका मुठीनं काय हुतंय? जा लेका. माझं माप मला कळलंय."

बघा पंचाईत! इतके दिवस खरं बोलवेना, आणि बोलले तर खरं वाटेना! शांतवनराव हात जोडून उभे. आत्या पाठ फिरवून आत निघाली. आणि मागं उभ्या असलेल्या त्या सगळ्या गर्दीत जो तो दुसऱ्याच्या आड सरकू लागला.

"आत्या..." सलोमीबाई पुढं आली. पदर तोंडाशी. "एक मूठ माझीपण आहे."

आत्या वळली.

शाळेतले नथानिएल गुरुजी खाकरले. "मी... मूठ नाही. मी वाटीनं घातलं. हाताला चिकटतं म्हणून."

"गुरुजी, तुम्हीपण? मी तर तुम्ही गेल्यावर टाकलं!" "मी लाकडं टाकायला आलो होतो तेव्हा!" "मी शेळी शोधायच्या निमित्तानं!" अहो, फुटला की बांध! ज्यानं त्यानं म्हातारीची अब्रू राखायला हळूच आपली मूठ टाकलेली! आणि ज्याला त्याला वाटत होतं, टाकणारा मी एकटाच!

शेवटी सगळ्यांची तोंडं वळली पाळकसाहेबांकडं. ते झग्याची बटणं बघत होते.

"साहेब?"

"त्याचं असं आहे," पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थनेच्या वेळी... तुमच्या सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात."

एक हात आशीर्वादाला वर, आणि दुसरा पोत्यात! हसा, मंडळी, हसा. आत्याही हसली. आधी खुदकन, मग पोट धरून, मग उंबऱ्यावरच बसली आणि हसता हसता रडायला लागली. "म्हंजी... म्हंजी मी येडी न्हाई झाले?"

"नाही गं आत्या. वेडे आम्ही!"

मग ती शांत झाली. पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. पिंपळपान थरथरावं तसा थरथरत होता.

"मग माझंबी ऐका. मी मीठ विसरले न्हवते. घरीच वाटणात घालून आणलं हुतं. ह्यो हात तुम्हाला दिसू नये म्हणून. वाटलं, दिसला तर वगराळं काढून घ्याल. म्हणून तुम्ही तोंडं वाकडी केली तवा मला वाटलं, ह्यानंच घरी जास्त सांडलं असंल."

सलोमीबाईनं तो हात धरला, तसाच धरून तिला देवळात आणली, रिकाम्या जागेवर बसवली. मग ताट फिरलं. त्या दिवशीची भाकर ज्यांनी खाल्ली ते सांगत, तशी चव पुन्हा नाही!

पुढच्या साली काहिलीपाशी वगराळं घेऊन कोण? रिबकाआत्याच! मनगट सलोमीबाईनं धरलेलं, मीठ सगळ्यांदेखत पडलं, आणि आत्यानं साऱ्या गावाला हाळी दिली, "मीठ पडलंऽऽ!" आणि सारी मंडळी एका आवाजात म्हणाली, "आमेन!" तीच तिथली नवी रीत झाली.

तर मंडळी, मिळालं उत्तर? देवाला तुमची मूठ ठाऊकच आहे. ठाऊक नाही ते रिबकाआत्याला! तुम्ही गिळलेल्या शब्दाचं ओझं कुणीतरी डोक्यावर घेऊन, चूल विझवून बसलंय. कुणाची सून, कुणाचा भाऊ, कुणाचा शेजारी. 'माझंच चुकलं' म्हणत बसलंय. तुम्ही गुडघ्यावर जरूर जा. पण तिथून उठलात की तसेच पुढं त्याच्या दारापर्यंत जा. त्याला खरं वाटलं नाही तर? उभे राहा. मागून कुणीतरी पुढं येईल.

दुज्याच्या डोईचे उतरावे ओझे।
म्हणावे ते माझे हेचि बोल॥

आता प्रार्थना, आणि मग आपलंही प्रीतिभोजन. मघापासून मी इथून चुलाणाकडं बघतोय. कीर्तन चालू असताना बरीच माणसं पाय मोकळे करायला तिकडं जाऊन आली. मी डोळे मिटायच्या आधी एकदाच विचारतो — मीठ कुणाकुणाचं पडलंय?