पास्त्याच्या वड्या आणि माझी बदली

विषय: शिरूरहून दौंडला बदली मिळण्याबाबत माझा अर्ज. उपरोक्त विषयी निवेदन असे की, नव्वदच्या दशकात मी शिरूरच्या एका कचेरीत कारकून होतो आणि बायको दौंडला शाळेत शिकवत होती. अर्जावर सही करणारे साहेब एकटेच राहायचे, खानावळीला विटलेले. म्हणून एका रविवारी त्यांना खोलीवर जेवायला बोलावलं. बायको सकाळच्या एसटीनं आली.

रस्सा-भाकरीबरोबर तोंडी लावायला तिनं पुण्याच्या बहिणीकडून शिकलेला पास्ता केला. उकडायचा, लोण्यात परतायचा, वर लिंबू पिळायचं. दहा मिनिटांचं काम. साहेब बाराला येणार होते. साहेबच ते, दोनला आले. तोवर पातेल्यात पास्त्याचा एकच गोळा झाला होता.

"अहो, आता काय वाढू?"

"ताटात थाप आन् वड्या पाड."

तिनं पाटवडीसारख्या वड्या कापल्या, तव्यावर लोण्यात खरपूस भाजल्या, पुन्हा लिंबू पिळलं. साहेबांनी सात खाल्ल्या.

"वहिनी, असलं कधी खाल्लं नाही!"

मी हळूच म्हणालो, "साहेब, तेवढा बदलीचा अर्ज..."

"लक्षात आहे हो. पण तुम्ही दौंडला गेलात, तर वहिनी शिरूरला कशाला येतील?"

पुढं ती बरेच रविवार येत राहिली. एसटीतून उतरली की तिच्या पिशवीला लिंबांचा वास यायचा. तो अजून आठवतो.

साहेब बदलून गेले, मी शिरूरातूनच निवृत्त झालो. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.