मागणीचा नियम आणि दहा किलो साखर

शिकवणीचा उपयोग होत नाही, असं कोण म्हणतं? मी तर फोनवरच्या शिकवणीवर बी.ए. झालो.

ऐन परीक्षेच्या तोंडावर आमचे अर्थशास्त्राचे सर धरमपेठेत स्कूटरवरून पडले आणि पाय मोडून बसले. एका वेळी एकालाच शिकवायचं, हा त्यांचा बाणा. तो त्यांनी पलंगावरून फोनवर चालू ठेवला. महाल भागात आमच्या गल्लीत फोन एकच, वसंतभाऊंच्या किराणा दुकानात. तिथं पोत्यावर बसून मी शिकायचो.

एकदा सर गरजले, "किंमत वाढली की मागणी घटते. हा नियम आहे. म्हण!"

मी म्हणालो.

तेवढ्यात वसंतभाऊ एका गिऱ्हाइकाला ओरडून म्हणाले, "वहिनी, साखर उद्यापासून महाग होऊन राहिली बरं!"

ते सरांनी फोनवर ऐकलं. मग त्यांची पुस्तकी मराठी संपली.

"कोण बोलून राहिलं गा ते? त्याले म्हण, दहा किलो माझ्यासाठी बाजूले काढ."

"पण सर, किंमत वाढली की..."

"आधी त्याले सांग! नियम कुठं पळून चालला?"

पेपरात प्रश्न आला: मागणीच्या नियमाचे अपवाद उदाहरणासह लिहा.

पुस्तकातलं एकही उदाहरण आठवेना. सर मात्र लख्ख आठवले.