सोडायच्या आधी

ताई : घाबरून रद्द केलं? मी? तोंड सांभाळून बोल!

धाकटी : मग दवाखान्याच्या वेबसाइटच्या पानावर तसं का दिसतंय? ऑपरेशनची तारीख रद्द, तुझ्याच नावावरून. ते पान मी बनवलंय, ताई. ते उगाच काही करत नाही.

ताई : तू बनवलंस म्हणजे चुकायचंच नाही का? मी 'नक्की करा' दाबायला बसले होते. हाताची ही थरथर एकदाची जावी म्हणून त्या तारखेकडे डोळे लावून बसलेय, आणि म्हणे घाबरले!

धाकटी : माउस धरवत नाही तर कीबोर्डनं करायचं. शंभरदा सांगितलंय तुला.

ताई : केलं! टॅबची कळ दाबून दाबून बोट दुखलं. ती चौकट सगळ्या पानावर फिरते मेली, पण 'नक्की करा' नि 'रद्द करा' या दोन बटणांवर थांबेल तर शपथ. शेवटी माउसच धरला.

धाकटी : आणि 'रद्द करा' दाबलंस.

ताई : हात उडाला, शेजारचं दाबलं गेलं. पण सोडलं नाही! दाबून धरलं, वाचलं, बाजूला सरकले, मग बोट उचललं. बँकेच्या पानावर, सगळीकडे तसंच करते मी. चुकून दाबलं तरी काही होत नाही.

धाकटी : ...सोडायच्या आधीच झालं?

ताई : दाबताक्षणी! 'रद्द झाले.' खरंच का, असं विचारलंसुद्धा नाही.

धाकटी : बोट उचलल्यावरच व्हायचं असतं ते. मी बदललं. साहेबांना पान झटपट हवं होतं, म्हणून दाबताच होईल असं केलं. कीबोर्डचं नंतर बघू म्हटलं.

ताई : झटपट! कुणाला घाई झाली होती गं? मला?

धाकटी : ऑफिसात सगळ्यांनी करून पाहिलं होतं, ताई...

ताई : त्यांचे हात धड आहेत!

(धाकटी कीबोर्ड ओढून पान दुरुस्त करते.)

धाकटी : आता दाब. 'रद्द करा'च. ही माझ्याकडची प्रत आहे, खरं पान नाही.

ताई : दाबलं. सरकले. सोडलं... काही झालं नाही.

धाकटी : टॅबही थांबेल आता दोन्हींवर. आजच खऱ्या पानावर चढवते.

ताई : आणि माझी तारीख?

धाकटी : दुसऱ्या कुणाला तरी दिली. मी दवाखान्यात फोन केला होता. आता चार महिने तरी नवी तारीख नाही...

ताई : रडू नकोस. तू रडलीस की मला राग गिळावा लागतो, आणि आज मी तो गिळणार नाहीये.

धाकटी : बरं.

ताई : कंगवा आण. चार महिने माझी वेणी तू घालायचीस, रोज. आणि ओढू नकोस.