दादाची दोन सीटची गाडी

तुम्ही हसाल, पण आमच्या दादाने, माझ्या थोरल्या भावाने, आनंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर जुनी स्पोर्ट्स कार घेतली. उल्हासनगरचा ऑइलवाला म्हणाला, "काका, गाडी पुरानी है, जाड ऑइल टाका." मेकॅनिक म्हणाला, "पातळच घाला." पेट्रोल साधं की भारीतलं, तेही ठरेना.

मी म्हणालो, "दादा, एक फेरी तर मार."

"इंजिन बसलं म्हणजे? आधी नक्की ठरू दे."

ठरेपर्यंत त्याचे डोळे अधू झाले. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. काल ती विकली. तिचा आवाज विरेपर्यंत दादा फाटकाशी उभा होता. मग हळूच म्हणाला, "चुकीचं ऑइल घालून का होईना, तुला एकदा बारवी धरणापर्यंत न्यायला हवं होतं रे."