'काय जमलं नाही?' हे पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय कुलगुरू महोदय, व्यासपीठावरच्या अधिष्ठाता मॅडम, ज्यांना आपण आज निरोप देतोय त्या अध्यापन-निधी विभागाच्या आपल्या बाई, त्यांचे यजमान, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे पाच म्हणजे किती हे मला कळतं. पाळीनच असं नाही.

शिकवण्याचे नवे प्रयोग करायला पैसे देणारा हा विभाग बाईंनी चौदा वर्षं सांभाळला. निधी घेणाऱ्याने त्यांना द्यायच्या अहवालाला शेवटी एक पान असायचं, 'काय जमलं नाही?' ते कोरं ठेवलं की फाईल परत! आम्ही किती नावं ठेवली त्या पानाला. बाई, तुम्हाला 'फौजदारबाई' म्हणायला सुरुवात मीच केली, आज सांगून टाकतो.

माझा पहिला प्रयोग काय होता? मुलांनी दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं आणि कोण किती वेळ थांबतं ते मोजायचं. कागदावर झकास. पोरं मात्र कँटीनमध्ये बसली आणि मनाचे आकडे लिहून मोकळी झाली. आकडे इतके शहाण्यासारखे वागत होते की मला लगेच संशय आला. मग मी काय केलं असेल? अहवालात लिहिलं, 'प्रयोग अत्यंत यशस्वी'. शेवटच्या पानावर, 'लागू नाही'.

बाईंनी बोलावून घेतलं, दार लोटलं. "सर, एवढं गोड लिहायला कुणी सांगितलं होतं? बसा. खरं काय झालं?"

मी बसलो. सगळं सांगितलं. वाटलं, संपलं आपलं. तर म्हणाल्या, "हेच लिहा. मुलं कँटीनमध्ये का बसली, ते शोधायला पुढच्या वर्षी पैसे देऊ."

आणि दिले हो! कारण निघालं अगदी साधं. आजारी, अनोळखी माणसांशी बोलायचं कसं, हे मुलांना येत नव्हतं. आम्ही कधी शिकवलंच नव्हतं. आधी ते शिकवलं, मग पोरं रांगेत टिकली.

अध्यक्ष महोदय, निरोपाच्या दिवशी मागणं मागू नये, हे कळतं मला. पण नव्या अहवालातून ते पान जाणार आणि तिथे 'यशाची टक्केवारी' येणार, असं कानावर आलंय. टक्केवारी हवी तेवढी काढून देतो, माझा धंदाच आहे तो! पण मग आमच्याकडून खरं कोण वदवून घेणार?

बोलताना काही जास्त झालं असेल तर पोटात घाला. इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. बाई, त्या दिवशी दार लोटून मला विचारलंत, चारचौघांत नाही, हे मी विसरलेलो नाही.

आणि महोदय, माझा यंदाचा अहवाल आपल्या टेबलावर आहे. यंदाचा प्रयोगही फसलाय. कसा फसला, ते तीन पानं भरून लिहिलंय. पुढचा निधी द्यायचा की नाही, ते आपण ठरवा. मी त्यातला एक शब्दही बदलणार नाही.