गोळीपुढची दोन अक्षरं

लॅटिनला हसू नका रे, मी जिवंत बसलोय तो तिच्यामुळे.

मी मिरजोळ्याला बर्फाच्या कारखान्यात कायम रात्रपाळीला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मध्यंतरी अंगाला खाज सुटली. डॉक्टरांनी गोळी दिली, पुढे लिहिलं एच.एस. मेडिकलवाल्याने पाकिटावर लिहिलंन, 'रात्री एक.' आपण सरळ माणूस. जेवलो, गोळी घेतली, स्कूटरवर बसलो. तिसऱ्या दिवशी झापड आली आणि स्कूटरसकट भाताच्या मळ्यात.

गुडघ्याला मलमपट्टी करताना सिस्टरने चिठ्ठी वाचली.

"काका, तुम्ही झोपता कधी?"

"सकाळी नऊला. का?"

"मग ही गोळी सकाळी नऊला घ्यायची. झोप आणते ती."

"पाकिटावर तर रात्री लिहिलंय."

"एच.एस. म्हणजे होरा सोम्नी. झोपायची वेळ, असं लॅटिनमध्ये. त्यात रात्र कुठे आली?"

तिने 'रात्री' खोडून लिहिलंन, 'ड्युटीवरून आल्यावर, आडवं होताना.'

खाज गेली ती गेलीच. पण वीस वर्षं रात्रपाळी करतोय, तू झोपतोस कधी हे ना मुकादमाने विचारलंन, ना बहिणीने. ती तर रोज दुपारी बाराला फोन करते. विचारलंन ते या सिस्टरने. तिचं भलं होवो.

आता दारावर मोठ्या अक्षरात कागद लावलाय, 'एच.एस. चालू आहे.' अर्थ कुणालाच कळत नाही, पण बेल वाजवायची हिंमतही कुणाला होत नाही.