एकही ठिपका नाही

दीर : ठिपका नाही म्हणजे तळं स्वच्छ. मग चेहरा असा का केलात, वहिनी?

वहिनी : हळू बोला भाऊजी, आत्ता कुठे डोळा लागलाय बाळाचा. ही प्लेट बघा. तळ्यातलं पाणी घालून रात्रभर उबेला ठेवली होती. जंतूंचे चार पिवळे ठिपके तरी दिसायला हवेत. चांगल्या तळ्यातही असतात.

दीर : वाईट ते हिरवे ना, गेल्या हंगामात आले होते ते?

वहिनी : हो. पण काहीच नाही म्हणजे... सकाळपासून तीनदा उजेडात धरून पाहिली.

दीर : नापास झालो तरी तुमचं तोंड उतरतं, पास झालो तरी उतरतं. मी निघतो. कोळंबीच्या बिजाच्या पिशव्या कधीच्या तळ्यावर तरंगताहेत. पिल्लांना पाण्याची सवय झाली असेल, तोंडं सोडतो.

वहिनी : सोडू नका. आधी सांगा, मी दिलेली बाटली तशीच बुडवलीत?

दीर : तशीच कशी? मागच्या वेळी चिखलाची आणली म्हणून केवढं बोललात. यंदा घासली, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं विसळली. लखलखीत.

वहिनी : भाऊजी...

दीर : काय झालं?

वहिनी : त्या पावडरीनं जंतू मरतात. बाटलीतच मेले सगळे. मी तळं तपासलंच नाही, तुमची बाटली तपासली.

दीर : मला काय ठाऊक? तुम्ही पोराच्या बाटल्या दिवसभर उकळत असता, मला वाटलं तसंच काहीतरी.

वहिनी : तुमचं नाही, माझंच चुकलं. नुसती ओरडले, कसं धुवायचं ते सांगितलंच नाही.

दीर : दुसरं पाणी आणतो, पळत जातो.

वहिनी : आणा. पण उत्तर उद्या सकाळी मिळेल.

दीर : पिशव्यांतली हवा संध्याकाळपर्यंतच पुरेल. दोन लाख जीव आहेत, गुदमरतील हो.

वहिनी : आणि तळ्यात हिरवे निघाले तर महिन्याभरात तळाशी मेलेल्या कोळंबीचा खच. मागे तुम्हीच उपसलात ना?

दीर : नका आठवण करून देऊ. आठ दिवस हाताचा वास गेला नव्हता.



वहिनी : बांधापलीकडे मास्तरांची छोटी टाकी भरलेली आहे. तिचं पाणी परवाच तपासलंय मी, चांगलं आहे. दोन दिवस बीज तिथं राहील.

दीर : मास्तरांकडे? तुमच्या घाणीनं माझं तळं मेलं म्हणाले ते. मीही नाही नाही ते बोललो. वर्ष झालं, आम्ही दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

वहिनी : तेव्हा आपलं आजारी पाणी त्यांच्याकडे जाणाऱ्या कालव्यात सोडलं होतं का?

दीर : ...सोडलं होतं. घाई होती. तपासायला थांबलो नाही.

वहिनी : मग जा. पिशव्या सावलीत ओढून घ्या आणि जा.

दीर : नाही म्हणाले तर?

वहिनी : म्हणतीलही. पण आधी कालव्याचं सांगा, मग टाकी मागा. उलटं करू नका.